टीबीच्या उपचारात एक्स-रे, सोनोग्राफी आणि स्कॅन: फोटो कधी काढायचा, कसा जुळवायचा, काय समजायचं

टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या की छातीच्या फोटोवरून दोन चुका हमखास होतात. महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, एक्स-रे बराच साफ दिसतो आणि गोळ्या बंद केल्या जातात. किंवा सहा महिने पुरे होतात, बेडका निगेटिव्ह येतो, वजन वाढलेलं असतं, पण फोटोत डाग राहिला म्हणून गोळ्या आणखी तीन-सहा महिने ओढल्या जातात. पहिल्या चुकीने आजार उलटतो, कधी औषधाला दाद न देणारा होऊन उलटतो. दुसरीने यकृताला आणि नजरेला विनाकारण त्रास होतो.

दोन्हींचं मूळ एकच आहे. फोटोत जंतू दिसत नाहीत. जंतूंनी केलेली मोडतोड, तिच्याभोवतीची सूज आणि ती भरून येताना पडलेला वण एवढंच दिसतं. जंतू आधी मरतात, सूज नंतर ओसरते, वण कायमचा राहू शकतो. म्हणून एकट्या फोटोवरून उपचाराचा निर्णय होत नाही. तो ठरलेल्या वेळी, एकाच पद्धतीने काढलेल्या दोन फोटोंच्या तुलनेवरून होतो, आणि तोही बेडका, वजन व लक्षणं शेजारी ठेवून. तालुक्याच्या ठिकाणी उपचार करणारे डॉक्टर आणि एक्स-रे तंत्रज्ञ यांना ही तुलना कशी करायची ते इथे सांगितलं आहे. रुग्णाच्या घरच्यांनाही त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

आधी वेळापत्रक

औषधाला दाद देणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीला राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात सहा महिने रोज गोळ्या असतात: पहिले २ महिने चार औषधं, पुढचे ४ महिने तीन. फोटो याच टप्प्यांवर बसवायचे.

पहिला फोटो उपचार सुरू होतानाच घ्या, फार तर पहिल्या आठवड्यात. तो नसेल तर पुढच्या कुठल्याच फोटोला अर्थ उरत नाही. बेडका पॉझिटिव्ह आल्यावर 'निदान झालंय, आता एक्स-रे कशाला' असा विचार होतो आणि हा फोटो राहून जातो. पाचव्या महिन्यात मग एक पोकळी (जंतूंनी फुप्फुस पोखरून केलेली रिकामी जागा) दिसते. ती जुनी, लहान होत आलेली की नवी, हे सांगायला कुणाकडेच काही नसतं.

दुसरा फोटो दोन महिने संपताना, त्याच दिवशीच्या बेडक्याच्या तपासणीसोबत. तिसरा गोळ्या संपताना. मधे दर महिन्याला एक्स-रे काढण्याची गरज नाही. छातीच्या एका फोटोत सुमारे ०.०२ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो, निसर्गातून तीन दिवसांत मिळतो साधारण तेवढाच. अडचण किरणांची नाहीच. महिन्याभरातला फरक फोटोत नीट उमटत नाही, आणि अर्धवट फरक पाहून घाईचे निर्णय होतात. थुंकीतून रक्त, अचानक दम लागणं, छातीत एकदम दुखणं, गेलेला ताप परत येणं यांपैकी काही झालं तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून त्याच दिवशी फोटो.

एकसारखा फोटो

दोन फोटो जुळवायचे तर ते काढण्याची रीत एकच हवी. छाती प्लेटला टेकवून, किरण पाठीकडून. म्हणजे पीए फोटो. नळी आणि प्लेट यांत १८० सेंमी अंतर. ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) असेल तर ११० ते १२५ केव्ही (किरणांचा जोर), नसेल तर ७०-८० च्या आसपास. हे आकडे, एमएएससकट (किरणांचं प्रमाण), रुग्णाच्या कागदावर लिहा आणि पुढच्या वेळी तेच लावा. दोन महिन्यांत रुग्णाचं वजन वाढलं असेल तर एमएएस थोडा वाढवावा लागेल, तेही लिहा.

श्वास हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन रोखला पाहिजे. फोटोत उजव्या बाजूला छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर पाठीकडच्या ९-१० फासळ्या किंवा पुढच्या ६ मोजता आल्या पाहिजेत. अर्धाच श्वास घेतला तर फुप्फुसाचा खालचा भाग दाटतो आणि 'नवा डाग' दिसू लागतो. पहिल्या फोटोच्या वेळी रुग्ण दमलेला, खोकणारा असतो. दुसऱ्या वेळी बरा असतो आणि छान श्वास घेतो. त्यामुळे सुधारणा आहे त्याहून जास्त दिसू शकते. फासळ्या मोजल्याशिवाय तुलना सुरूच करू नका.

मग रुग्ण वळलेला नाही ना ते पाहा: गळपट्टीच्या दोन्ही हाडांची आतली टोकं मणक्याच्या मधल्या काट्यापासून सारख्या अंतरावर हवीत. खांद्याची पाती फुप्फुसाबाहेर काढायला हात कमरेवर, कोपरं पुढे. हृदयामागे मणके पुसट दिसले म्हणजे किरणांचं प्रमाण बरोबर. वेणी, ताईत, मंगळसूत्र, हुकाचे कपडे बाजूला ठेवायला सांगा; जाड वेणी खांद्यावरून पुढे आली की फुप्फुसाच्या टोकावर सावली पडते, आणि टीबीची आवडती जागा तीच.

गावोगावच्या शिबिरांत आता हातात धरायचं एक्स-रे मशीन असतं. रुग्ण शोधायला ते उत्तम. पण त्यात अंतर बरेचदा १८० सेंमीपेक्षा कमी ठेवलं जातं, आणि अंतर घटलं की सावली मोठी पडते. शिबिरात मोठी दिसलेली पोकळी आणि दवाखान्यात थोडी लहान दिसलेली पोकळी एकच असू शकते. पहिला फोटो शिबिरात निघाला असेल तर उपचार सुरू करताना दवाखान्याच्या मशीनवर एक नवा काढून घ्या आणि तोच पाया धरा.

फोटो डायकॉम फाइलमध्ये (मशीनमधून निघालेली मूळ फाइल) जपा, सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. खिडकीला लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो तुलनेला चालत नाही: काचेची चमक डाग लपवते, कडा वाकतात, आणि पाठवताना फाइल आणखी दाबली जाते.

दोन फोटो शेजारी ठेवून वाचणं

डाग 'कमी वाटतोय' हे निरीक्षण नव्हे. आकडा लिहा. इंडोनेशियातल्या तिमिका गावावरून नाव पडलेली एक सोपी गुणपद्धत २०१० पासून वापरात आहे आणि तिला फुटपट्टीशिवाय काही लागत नाही. दोन्ही फुप्फुसांचा मिळून किती टक्के भाग बाधित आहे ते ठरवायचं (० ते १००) आणि पोकळी असेल तर त्यात ४० मिळवायचे. कमाल १४०.

टक्के काढायला प्रत्येक फुप्फुसाचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग करा. सहा भाग, प्रत्येक साधारण १६-१७ टक्क्यांचा. समजा उजवा वरचा भाग पूर्ण बाधित आहे, उजवा मधला अर्धा, डावा वरचा पाव: १६ + ८ + ४ = २८. उजवीकडे पोकळी आहे, म्हणून ६८. दोन महिन्यांनी बाधित भाग १४ टक्के आणि पोकळी अजून असेल तर ५४. ही पद्धत मांडणाऱ्या अभ्यासात सुरुवातीला ७१ च्या वर गुण असलेल्यांचा बेडका दोन महिन्यांनीही पॉझिटिव्ह राहण्याचा धोका जास्त आढळला होता. अशा रुग्णाच्या गोळ्यांवर पहिल्या दिवसापासून जास्त लक्ष ठेवा.

मात्र दोन्ही भाग वेगवेगळे लिहा: '२८ + ४०', नुसते '६८' नको. पोकळी बुजली की गुण एकदम ४० ने उतरतात आणि बाकीचा डाग हललेला नाही हे त्या आकड्यात बुडून जातं. शक्यतो एकाच डॉक्टरने वाचावं, आणि नव्या फोटोचे गुण जुने न बघता द्यावेत. जुना आकडा डोळ्यासमोर असला की नवा आपोआप त्याच्या थोडा खाली बसतो.

पोकळीची वेगळी नोंद ठेवा: बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत सर्वांत मोठा व्यास, भिंतीची सर्वांत जाड जागा, आत पाण्याची आडवी रेघ आहे का. बरी होणारी पोकळी आधी भिंतीने पातळ होते, मग आकसते. व्यास तोच पण भिंत १० मिमीवरून ३ मिमीवर आली असेल तर ती चांगली सुधारणा आहे. नुसता व्यास मोजणाऱ्याला ती दिसणार नाही. काही पोकळ्या पातळ भिंतीच्या फुग्यासारख्या कायमच्या राहतात, आत जंतू नसताना.

पोकळीला एवढं महत्त्व का? तिच्यात हवा खेळती असते, जंतूंची संख्या प्रचंड असते आणि औषध भिंतीतून आत पुरेसं झिरपत नाही. पहिल्या फोटोत पोकळी आणि दोन महिन्यांच्या बेडक्याचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून पाहणं) पॉझिटिव्ह, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तर आजार उलटण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना अशा रुग्णाला सहाऐवजी नऊ महिने औषध द्यायला सांगतात. म्हणून पहिल्या रिपोर्टमध्ये 'पोकळी आहे' किंवा 'पोकळी नाही' हे स्पष्ट शब्दांत हवं. 'उजव्या वरच्या भागात टीबीसारखे बदल' एवढ्याने भागत नाही.

डाग वाढलेला दिसला तर

घाबरून औषध बदलू नका आणि दुर्लक्षही करू नका. क्रमाने तपासा.

सुरुवात फोटोपासून: श्वास, वळण, मशीन. त्यातच कारण सापडलं तर फोटो पुन्हा काढा. मग गोळ्या. रिकामी पाकिटं मोजा, रुग्णाला एकट्याला विचारा. उलटी होते म्हणून दोन दिवसाआड घेणारे, दारूच्या दिवशी टाळणारे असतात, आणि ते चारचौघांत बोलत नाहीत. मग वजनाप्रमाणे डोस: मोठ्यांसाठी २५ ते ३४ किलोला २ गोळ्या, ३५ ते ४९ ला ३, ५० ते ६४ ला ४, ६५ ते ७५ ला ५, त्यावर ६. उपचारात वजन वाढतं. गट ओलांडला की डोस पुन्हा बघायचा, आणि हेच अनेकदा राहून जातं. त्यानंतर साखर. ताब्यात नसलेल्या मधुमेहात डाग हट्टी राहतो. एचआयव्हीची तपासणी झालेली नसेल तर करा.

बेडका पुन्हा पाठवा. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसले तर औषधाला दाद न देणारा टीबी आहे का, यासाठी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट, एलपीए (तिन्ही जंतूंच्या डीएनएवरून होणाऱ्या तपासण्या) आणि कल्चर. इथे एक सावधगिरी: सीबीनॅट, ट्रूनॅट मेलेल्या जंतूंचा डीएनएसुद्धा पकडतात. रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद मिळते का हे कळण्यासाठी ते वापरा, पण 'टीबी बरा झाला का' हे त्यांना विचारू नका. त्यासाठी साधी बेडका तपासणी आणि कल्चरच.

हे सगळं ठीक असूनही डाग, गाठ किंवा छातीतलं पाणी वाढू शकतं. मरणाऱ्या जंतूंच्या तुकड्यांवर शरीराची सावरलेली प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि सूज वाढते. पहिल्या काही आठवड्यांत, दोन-तीन महिन्यांपर्यंत हे दिसतं. एचआयव्हीची औषधं नुकतीच सुरू झालेल्यांत तर विशेष. ओळखायचं कसं? बेडका निगेटिव्हकडे जातोय, वजन वाढतंय, भूक आहे, आणि फोटो मात्र उलट बोलतोय. अशा वेळी टीबीची औषधं तीच चालू राहतात. स्टेरॉइड लागेल का ते डॉक्टर ठरवतात. पण आधी औषधरोध नाही याची खात्री हवी, कारण तो असताना स्टेरॉइड देणं आगीत तेल ओतणं आहे.

आणि उलटी शक्यताही मनात ठेवा: तंबाखू-विडीच्या सवयीचा पन्नाशीचा माणूस, बेडक्यात जंतू कधीच सापडला नव्हता, फोटोवरूनच गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांनी डाग तसाच किंवा मोठा. हा कॅन्सर असू शकतो. सहा महिने संपण्याची वाट पाहू नका. सीटी आणि गरज पडल्यास तुकडा तपासणी.

सीटी कधी

नेहमीच्या देखरेखीसाठी सीटी नको. साध्या छातीच्या सीटीत ५ ते ७ मिलिसीव्हर्ट जातात, म्हणजे अडीचशे ते साडेतीनशे एक्स-रेंएवढे. थुंकीतून रक्त येणं, कॅन्सरची शंका, औषधरोधी टीबीत शस्त्रक्रियेचा विचार, किंवा एक्स-रे आणि लक्षणं यांचा अजिबात मेळ न बसणं, अशा वेळी ती करावीच.

तुलना करायची असेल तर दोन्ही वेळा १ ते १.५ मिमीचे काप, पूर्ण श्वास आणि तेच विंडो (चित्राच्या काळ्या-पांढऱ्या छटांची मांडणी). आजार चालू असल्याच्या खुणा: फांदीला कळ्या फुटाव्यात तसे बारीक ठिपके, जाड भिंतीची पोकळी, भरलेला भाग. बरं झाल्याच्या खुणा: ओढल्या गेलेल्या रेषा, कॅल्शियमचे खडे, रुंद झालेल्या श्वासनलिका. छातीच्या मधल्या गाठी पाहायच्या तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र उजळवणारं औषध) द्यावा लागतो. कडा उजळलेली आणि मधे काळी गाठ सक्रिय समजतात; सगळीकडे सारखी किंवा खडा झालेली गाठ शांत झालेली.

सोनोग्राफी: स्वस्त आणि विसरलेली

छातीत पाणी, मानेच्या गाठी, पोटाचा टीबी, हृदयाभोवतीचं पाणी यांच्यासाठी सोनोग्राफीइतकं सोयीचं काही नाही. किरण नाहीत, त्यामुळे गरोदरपणातही करता येते आणि हवी तितक्यांदा करता येते.

पाणी मोजताना रुग्णाला दर वेळी सारखंच बसवा, काखेच्या मागच्या रेषेवर प्रोब (सोनोग्राफीचं हातात धरायचं टोक) ठेवा आणि पडद्याच्या लगेच वर पाण्याची जाडी मिमीमध्ये लिहा. पाण्यात पातळ पडद्यांच्या जाळ्या झाल्या आहेत का तेही लिहा. जाळ्या झालेलं पाणी सुईने नीट निघत नाही. 'थोडं पाणी' असा रिपोर्ट आला तर परत पाठवून आकडा मागा. पाणी गेल्यावर फुप्फुसाच्या आवरणाची जाडी राहते. दम लागत नसेल तर ती वणच आहे.

मानेच्या गाठींना बारीक लांबट प्रोब, ७ मेगाहर्ट्झ किंवा वर. सर्वांत मोठ्या गाठीची तिन्ही मापं घ्या आणि कुठली गाठ मोजली ते मानेच्या चित्रावर खूण करून ठेवा. नाही तर पुढच्या वेळी दुसरीच मोजली जाते. उपचार चालू असताना गाठ वाढणं, मऊ पडणं, फुटणं हे बऱ्याच जणांत होतं आणि त्याचा अर्थ औषध निकामी असा होत नाही. शेवटी लहान, न दुखणाऱ्या गाठी उरल्या तरी चालतं.

हृदयाभोवती पाणी असेल तर टू-डी इको. तिथे पाणी कमी होण्यावर समाधान मानू नका. आवरण आवळत चाललंय का हे दर वेळी विचारा, कारण पाणी आटल्यानंतरच हृदय आवळलं जाण्याची भीती असते.

मणका आणि मेंदू

मणक्याच्या टीबीला किमान बारा महिने औषध लागतं आणि तिथे बेडका नसतो, त्यामुळे एमआरआयवर भार येतो. पण तो घाईने करू नये. पहिल्या तीन-चार महिन्यांत पू वाढलेला, हाडाची सूज पसरलेली दिसू शकते आणि उगाच शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होते. प्रकृती सुधारत असेल तर सहा महिन्यांनी पहिला तुलनेचा एमआरआय, तोही शक्यतो त्याच मशीनवर, त्याच सिक्वेन्सनी (चित्र घेण्याच्या पद्धतींनी): टी-वन, टी-टू, स्टर आणि कॉन्ट्रास्ट. हाडातली सूज जाऊन तिथे चरबी भरली की ती जागा टी-वनवर उजळते. हाड भरून आल्याची ही सर्वांत भरवशाची खूण. पाठीचं कुबड मात्र एमआरआयवर मोजू नका, तो झोपवून काढतात. उभं करून बाजूने एक्स-रे घ्या आणि कुबडाचा कोन लिहा. वाढत्या मुलांत हे विशेष जपा.

पायांत जोर कमी होणं, मुंग्या, लघवी अडकणं यांपैकी काही झालं तर त्याच दिवशी एमआरआय आणि मणक्याचे सर्जन.

मेंदूतल्या टीबीच्या गाठी फार हळू विरतात, काहींच्या वर्षानंतरही दिसतात, आणि औषध चालू असताना तात्पुरत्या फुगतातही. फिट येणं, डोकेदुखी वाढणं, नजर धूसर होणं याला कॅलेंडर लागू नाही. कॉन्ट्रास्ट एमआरआयआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या.

पेट स्कॅन आणि एआय

पेट स्कॅनमध्ये सूज साखर किती ओढते ते दिसतं. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात, बेडक्याप्रमाणे बऱ्या झालेल्या अनेक रुग्णांच्या फुप्फुसांत उपचार संपतानाही अशी जागती सूज होती. म्हणजे स्कॅनमध्ये उजळलं म्हणून औषध वाढवा, असा सरळ हिशेब नाही. खर्चिक आहे, किरण जास्त आहेत, आणि रक्तातली साखर वाढलेली असली की आकडे बिघडतात. एरवी कुठेच ठाव न लागणाऱ्या शरीरभर पसरलेल्या टीबीपुरता तो ठेवावा.

एक्स-रे वाचणाऱ्या एआयची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली ती १५ वर्षं आणि त्यावरच्या लोकांत टीबी शोधण्यासाठी. उपचार लागू पडतोय का हे सांगायला नव्हे. जुन्या वणालाही हे सॉफ्टवेअर मोठा गुण देऊ शकतं.

गोळ्या संपल्यावर

शेवटच्या फोटोसोबत शेवटचा बेडका घ्या. तो निगेटिव्ह, वजन टिकलेलं, लक्षणं नाहीत आणि डाग स्थिर किंवा कमी, तर कोर्स संपला. उरलेल्या वणासाठी गोळ्या नकोत. कार्यक्रमाप्रमाणे ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी पाठपुरावा असतो. खोकला, ताप किंवा वजन घटणं असेल तर बेडका आणि फोटो दोन्ही.

पोकळी उरलेल्या रुग्णाला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा. त्या रिकाम्या जागेत पुढे बुरशीचा गोळा तयार होऊ शकतो. फोटोत तो पोकळीतल्या चेंडूसारखा दिसतो, वर हवेची चंद्रकोर असते आणि थुंकीतून रक्त येतं. हा टीबी उलटलेला नसतो. टीबीच्या गोळ्यांनी तो जात नाही.

शेवटच्या फोटोची फाइल आणि छापील प्रत रुग्णाच्या हाती द्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: टीबीचा कोर्स पूर्ण झाल्याची तारीख, शेवटच्या बेडक्याचा निकाल, आणि 'हा डाग या तारखेला असाच होता'. नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, परदेशी जाण्याच्या तपासणीत किंवा दहा वर्षांनी न्यूमोनिया होऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर, तो वण जुना आहे हे त्या पाकिटावरूनच कळेल आणि गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाहीत.